एकोणचाळीस मिनिटांचा हिशेब

वारसा म्हणून कुणाला काय मिळेल याचा नेम नसतो. मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल माझ्याकडे होतं तेव्हा हे मी फार जवळून पाहिलं आहे. चेहऱ्यावर सुतकी भाव आणि हातात नॉमिनेशनचा कागद घेऊन आलेल्या वारसांना खात्यात चारशे बारा रुपये आहेत असं सांगितलं, की त्यांच्या दुःखाला खरा पाझर फुटतो. आमच्या आजोबांनी असला प्रसंग कुणावर येऊ दिला नाही. गिरगावातल्या चाळीतल्या दीड खोलीचं भाडेकरूपण, एक तांब्याचा बंब, एक छत्री आणि एक मनगटी घड्याळ एवढीच स्थावर-जंगम मालमत्ता ते मागं ठेवून गेले. खोलीच्या पागडीत वडिलांनी स्वतःची भर घालून कांदिवलीला ब्लॉक घेतला, बंब मोडीत गेला, छत्री कुणीतरी लोकलमध्ये विसरलं (कुणीतरी म्हणजे मी), आणि घड्याळ बुडालं.

बुडालं हे अलंकारिक अर्थानं नव्हे. २६ जुलै २००५ ला मुंबईत काय झालं हे मी सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेनं चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि आपल्या वाट्याचा सगळा पोयसर नदीनं आमच्या तळमजल्यावर आणून सोडला. एरवी या नदीला आम्ही कांदिवलीकर नाला म्हणतो. त्या दिवशी तिनं अपमानाची व्याजासकट वसुली केली.

मी तापानं घरी होतो. दुपारी दादरहून वडिलांचा फोन आला, "खालचं काय असेल ते वर चढव. कपाटाचा खालचा खण बघ." मी टीव्ही चढवला, मिक्सर चढवला, मुदत ठेवीच्या पावत्या चढवल्या, माझं बी.कॉम.चं सर्टिफिकेट चढवलं (जे भिजलं असतं तरी जगाचं काही अडलं नसतं), आणि खालच्या खणाकडे वळणार तोच वीज गेली. मीही गेलो. म्हणजे आईला घेऊन पहिल्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे. त्यांनी गरम पिठलं-भात वाढला. पिठलं-भात खाताना मला खालचा खण आठवला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा पाणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीशी होतं. मी आणखी थोडा भात घेतला.

तिसऱ्या दिवशी वडिलांनी तो खण ओढला. चिखलातून घड्याळ काढलं, शर्टाला पुसलं, कानाला लावलं आणि तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आमच्या धंद्यात नोंद झालेली चूक दुरुस्त करता येते. नोंद न झालेली चूक वर्षानुवर्षं सस्पेन्स अकाउंटमध्ये पडून राहते. ही तशी वीस वर्षं पडून राहिली.

आता त्या घड्याळाविषयी. ते होतं वेस्ट एंड वॉच कंपनीचं, 'सोवार प्रायमा'. सोवार म्हणजे आपला स्वार, घोडेस्वार. बनावट स्वित्झर्लंडची, नाव लंडनच्या श्रीमंत वस्तीचं, मॉडेल फारसी शब्दाचं आणि गिऱ्हाईक गिरगावातलं! १८८६ पासूनचं हे नाव खास आपल्या बाजारपेठेसाठी जन्माला आलेलं. मुंबई आणि कलकत्ता ही त्याची दोन ठाणी. स्वित्झर्लंडमध्ये त्याला फारसं कुणी ओळखत नसेल, पण आपल्याकडे फौजेतल्या माणसापासून हेडमास्तरापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक होतं. एका पिढीला 'घड्याळ कुठलं?' असं विचारलं तर उत्तरं तीनच येत: वेस्ट एंड, फेवर ल्युबा, आणि सासऱ्यांकडचं. आजोबांचं घड्याळ पहिल्या आणि तिसऱ्या अशा दोन्ही सदरांत बसत होतं. १९४१ साली लग्नात आजीच्या वडिलांनी ते दिलं होतं, आणि आजी शेवटपर्यंत त्याला 'माझ्या बाबांचं घड्याळ' म्हणत असे. आजोबांनी चव्वेचाळीस वर्षं चावी दिली तरी मालकी हक्काची बदली काही झाली नाही.

गेल्या वर्षी वडील आजारी पडले. वय त्र्याऐंशी. हॉस्पिटलातून घरी आल्यावर औषधांच्या गुंगीत ते बरंच काही बोलत. एका दुपारी स्वच्छ आवाजात म्हणाले, "नानांचं घड्याळ कुठंय रे?" मी म्हटलं, "आहे बाबा." त्यांनी डोळे मिटले. वीस वर्षांत त्या घड्याळाविषयी आमच्यात झालेलं हे पहिलं संभाषण. मी उठलो, माळ्यावरचा डबा काढला, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

प्रथम मी एका मॉलमधल्या चकाचक दुकानात गेलो. तिथल्या मुलानं घड्याळ उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "अंकल, याची बॅटरी कुठे असते?" मी म्हटलं, "याला बॅटरी नसते." त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू बैलगाडीत मी पेट्रोल नाही म्हणून तक्रार करतो आहे. त्याचा दोष नाही. सायकोनं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९ च्या नाताळच्या दिवशी बाजारात आणलं, तेव्हा त्याचे वडीलही जन्मलेले नसतील. माझ्या पिढीची घड्याळंही टायटनच्या बॅटरीवरचीच, आणि आता तर मी वेळ मोबाइलवर बघतो. मनगट रिकामं आहे. बँकेनं मला कारकून म्हणायचं सोडून 'कस्टमर असोसिएट' म्हणायला सुरुवात केली त्या सुमारास घड्याळ गेलं. एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दुकानदारानं (उपनगराचं नाव सांगत नाही) मात्र माझं स्वागत केलं. "एकदम नवं कोरं करून देतो. डायल नवीन रंगवू, काटे नवीन, केसला पॉलिश. सात दिवस." मी भारावलो. पुढं कळलं की जगभरच्या घड्याळ-संग्राहकांत या प्रकाराला चक्क आपल्या शहराचं नाव आहे: 'मुंबई स्पेशल'. जुन्या घड्याळाची डायल खरवडून त्यावर भडक रंग चढवायचा, कंपनीचं नाव नव्यानं छापायचं (स्पेलिंग जमेल तसं), एकाचं धड आणि दुसऱ्याचं शिर जोडायचं आणि मूळचं म्हणून विकायचं. ज्या शहरानं हापूसच्या पेटीत खालच्या थराला कसला आंबा ठेवायचा याचं शास्त्र विकसित केलं, त्याला हे अवघड नव्हतं. पण त्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी आगाऊ पैसे द्यायला पाकीटही काढलं होतं. सुटे नव्हते म्हणून घड्याळ वाचलं.

तिसरा माणूस कांदिवलीतच भेटला, स्टेशनजवळच्या एका जिन्याखाली. घड्याळजी या जमातीला मुंबईनं नेहमी जिन्याखालीच जागा दिली आहे; त्यांचं सगळं कामच इतकं बारीक, की शहराला वाटलं असावं यांना उभं राहायची गरज पडत नाही. हे शेठ मूळचे काठेवाडी, वय वडिलांच्याच जवळपासचं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाठीमागचं झाकण फिरवून काढलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, पाणी पिलेला हाय."

"वीस वर्षांपूर्वी," मी म्हणालो.

"आणि तुम्ही आज आला." एवढंच बोलून त्यांनी माझ्या सस्पेन्स अकाउंटवर बोट ठेवलं.

मग त्यांनी मला झाकणाची आतली बाजू भिंगातून दाखवली. तिथं सुईनं ओरखडल्यासारखे बारीक आकडे होते: ८-४८, ३-५२, ११-५५, ६-६१, ७५. घड्याळजी घड्याळ उघडतो तेव्हा आपली तारीख आणि खूण आत कोरून ठेवतो, म्हणजे तेच घड्याळ पुन्हा आलं तर आपण आधी काय केलं ते कळतं. मी खूश झालो. हे तर पासबुक! आजोबांनी बँकेत कधी खातं उघडलं नाही, पण नोंदी अद्ययावत होत्या.

"डायल नवा नको करू," शेठ म्हणाले. "डायल नवा केला तर घड्याळ नवा दिसेल, पण दादाजीचा नाय राहणार. आणि हा लाल टिपका काय हाय?"

मला टिपका दिसेना. त्यांनी भिंग दिलं. डायलच्या कडेला, सात आणि आठच्या मध्ये, मोहरीच्या निम्म्यानं एक लाल ठिपका होता. बाकीची डायल डागाळली, पिवळी पडली, तरी तो जागच्या जागी. "कंपनीचा नाय," शेठ म्हणाले. "कोणी काच काढून हातानं टाकलेला हाय. सुईच्या टोकानं. पण इथं कशाला? पावणेआठ पण नाय, साडेसात पण नाय." त्यांनी मिनिटांच्या रेघा मोजल्या. ठिपका बरोबर एकोणचाळिसाव्या मिनिटावर होता.

घरी येऊन मी वडिलांना विचारलं. ते पडल्या पडल्या हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा. म्हणाले, "अरे, ती मुन्शिपाल्टी!"

इथून पुढची गोष्ट थोडी इतिहासाची आहे. मी कॉमर्सचा माणूस; इतिहास सातवीनंतर ऐच्छिक असता तर बरं, असं माझं शाळेत स्पष्ट मत होतं. पण ही गोष्ट अशी आहे, की तिच्यात शेवटी हिशेबच करावा लागतो.

पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर बेतलेली. मुंबई आहे बहात्तर अंश आणि वर पाऊणएक. फरक पावणेदहा अंशांच्या आत-बाहेर, गुणिले चार, म्हणजे एकोणचाळीस मिनिटं. घड्याळात बारा वाजतात तेव्हा आपल्या डोक्यावरचा सूर्य अजून अकरा एकवीसवर रेंगाळत असतो. तो खऱ्या अर्थानं माथ्यावर येतो तो सरासरीनं बारा एकोणचाळीसला. (यात कांदिवली आणि चर्चगेट यांच्यात काही फरक नाही. आमची लाइन जवळजवळ सरळ उत्तर-दक्षिण धावते. म्हणजे रेखांशाच्या दृष्टीनं मी रोज तास-तासभर लोंबकळून कुठंच जात नाही. हे मला आधीपासून वाटत होतंच.)

तर पूर्वी प्रत्येक गावाचं दुपारचं बारा वेगळं असे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मुंबईची वेळ कुलाब्याची वेधशाळा सांगे. ती ईस्ट इंडिया कंपनीनं १८२६ मध्ये सुरू केली, बंदरातल्या जहाजांना बरोबर वेळ मिळावी हा तिचा एक मोठा उद्देश. पंचाईत केली ती रेल्वेनं. गाडीला गावोगावी घड्याळ बदलणं परवडेना, तेव्हा १८७० च्या सुमारास रेल्वेनं सगळीकडे मद्रास टाइम धरला. मद्रास मुंबईच्या अर्धा तास पुढं. म्हणजे घरच्या घड्याळाप्रमाणे दहाची गाडी पकडायला निघालेल्या मुंबईकराला ती साडेनवालाच गेलेली आढळे. गाडी वेळेआधी सुटण्याचा भारतीय रेल्वेच्या इतिहासातला बहुधा हा एकच कालखंड.

१८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांना (पुण्याचं कॉलेज ज्यांच्या नावाचं ते हेच) वाटलं, की रेल्वेला चालतो तो टाइम शहरालाही का चालू नये? त्यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रास टाइम लागू केला. मुंबई उखडली. आमचा सूर्य आमच्याकडे उगवतो, मद्रासच्या परवानगीनं नाही! भांडणाच्या मध्यभागी आला तो राजाबाई टॉवर. तो बांधून होऊन तीनच वर्षं झाली होती. दोनशे ऐंशी फूट उंच, अख्ख्या फोर्टला दिसणारं घड्याळ. विद्यापीठानं ते मुंबई टाइमवरच ठेवायचं ठरवलं. सरकारनं उत्तर दिलं ते खास सरकारी: आमची वेळ दाखवणार नसाल तर घड्याळाच्या दिवाबत्तीचा खर्च आम्ही देणार नाही. वाद तत्त्वाचा होता, पण शेवटी बिलावर आला. मला फार आपलेपणा वाटला. १८८३ मध्ये सरकारनं माघार घेतली आणि मुंबईला तिची वेळ परत मिळाली.

राजाबाई टॉवरबद्दल माझ्या धंद्यातला माणूस गप्प बसू शकत नाही. त्याला पैसे दिले शेअर बाजाराचे सम्राट प्रेमचंद रायचंद यांनी, दोन लाख रुपये, आणि नाव दिलं आईचं. त्यांच्या आईला दिसत नसे, आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावं म्हणून तिला टोले ऐकू येतील असं घड्याळ उभारलं, असं सांगतात. हेच प्रेमचंद १८६५ च्या शेअरच्या मंदीत बुडाले आणि त्यांना सढळ हातानं कर्ज देणारी बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. बँक गेली, टॉवर राहिला. तारण म्हणून काय घ्यावं, यावर आमच्या ट्रेनिंग कॉलेजात हे उदाहरण शिकवायला हरकत नाही.

मुंबईची ही मिजास पुढची वीस-बावीस वर्षं टिकली. मग १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली. सरकारी कचेऱ्यांनी काटे एकोणचाळीस मिनिटं पुढं सरकवले. पण दिवस कोणते? बंगालची फाळणी होऊन अडीच महिने झालेले, परदेशी कापडाच्या होळ्या पेटलेल्या. अशा वेळी लोकांना कर्झनशाहीनं आपल्या दिवसातली एकोणचाळीस मिनिटंही काढून घेतली असं वाटलं तर नवल नाही. गिरणी कामगाराला तर तो हिशेब अंगावरच आला. नव्या घड्याळानं सहाचा भोंगा म्हणजे सूर्याच्या घड्याळानं पाच एकवीस! थंडीच्या काळोखात पाऊण तास आधी उठा, आणि पगार तोच. ५ जानेवारीला काही हजार कामगारांनी काम नाकारलं, दगडफेकही झाली. शहरात अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. आणि म्युनिसिपालिटीत सर फिरोजशहा मेहतांसारखे खंदे बॅरिस्टर उभे राहिले. लोकांना विचारल्यावाचून लोकांची वेळ बदलता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा. कॉर्पोरेशननं आपली घड्याळं मुंबई टाइमवरच ठेवली.

झालं! एकाच शहरात दोन वेळा. बोरीबंदरच्या स्टेशनवरचं घड्याळ एक सांगणार, समोरच्या म्युनिसिपालिटीचं दुसरं, आणि दोघांच्या मध्ये रस्ता ओलांडायला एकोणचाळीस मिनिटं लागणार. कलकत्त्यानंही आपली वेगळी वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही. मुंबईचा हा हेका तर स्वातंत्र्यानंतर, पन्नासच्या दशकात संपला. लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढं 'स्टँ. टा.' अशी अक्षरं का छापत, हे मला लहानपणी कळत नसे. मला ती भटजींची पदवी वाटे. ती अक्षरं नसती तर अर्ध्या वऱ्हाडानं अक्षता टाकल्या असत्या आणि अर्धं थेट पंगतीला पोचलं असतं.

आता आजोबांचा ठिपका. ते म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात कारकून. घरचं घड्याळ, लोकल, रेडिओ, नाटक-सिनेमा सगळं स्टँडर्ड टाइमवर. फक्त मस्टर मुंबई टाइमवर. मनगटावर घड्याळ एकच आणि तेही सासऱ्यांचं. वडील सांगत होते, "नानांचा मस्टर दहाला. दहा म्हणजे मुंबईचे दहा. स्टँडर्डचे दहा एकोणचाळीस. सुरुवातीला बोटं मोजायचे, मग कंटाळून घड्याळजीला सांगून हा टिपका टाकून घेतला. मोठा काटा टिपक्यावर आला, की मुन्शिपाल्टीत ठोका पडला."

मी कागदावर करून पाहिलं. बरोबर! आणि गंमत अशी, की लढाईच्या दिवसांत, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, सरकारनं प्रमाणवेळ सरसकट एक तास पुढं ढकलली होती. फरक एक तास एकोणचाळीस मिनिटांचा झाला. अख्खी मुंबई गोंधळली असेल, पण ठिपका जिथल्या तिथं बरोबर, कारण हलला तो तास, मिनिटं नाहीत. व्हाइसरॉयच्या हुकुमाला पुरून उरेल अशी तजवीज एका क्लार्कनं लाल शाईच्या एका टिंबात केली होती. आणि मी ते सात दिवसांत नवं कोरं करून घेणार होतो.

(या माहितीचा मी बँकेत उपयोग करून पाहिला. दहा बत्तीसला पोचलो त्या दिवशी मॅनेजरसाहेबांना सांगितलं, की मुंबई टाइमप्रमाणे आता नऊ त्रेपन्न झालेत, म्हणजे मी सात मिनिटं लवकर आलोय. ते म्हणाले, मग पगारही १९०६ च्या स्केलनं काढू या.)

दुरुस्तीला तीन महिने लागले. घड्याळात पितळ गंजत नाही, गंजतं ते पोलाद, आणि नेमकं जिवाचं काम पोलादाकडेच असतं. चावीची दांडी गंजून गेली होती, मेनस्प्रिंग तुटलेली, बॅलन्सचा आस एका टोकाला मोडलेला, आणि केसापेक्षा बारीक ती हेअरस्प्रिंग तांबेऱ्यानं चिकटलेली. शेठनी एकेक चाक पेट्रोलमध्ये धुऊन काचेच्या झाकणाखाली मांडलं. असं घड्याळ तासाला अठरा हजार ठोके घेतं. म्हणजे दिवसाला चार लाख बत्तीस हजार. आमच्या शाखेत एखाद्यानं आठवड्याला एवढे व्हाउचर पास केले तर त्याचा फोटो लावतील.

सुट्या भागांसाठी शेठनी मला चोर बाजारात धाडलं. शुक्रवारी सकाळी फुटपाथवर घड्याळांचे ढीगच्या ढीग पडलेले असतात. एका ढिगात एचएमटीच होत्या. १९६१ मध्ये बंगलोरला जपानच्या सिटिझनच्या मदतीनं कारखाना निघाला, त्यापूर्वी मनगटी घड्याळ म्हणजे परदेशी, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर बंधनं असल्यामुळे बरंचसं चोरटं. वडिलांची पहिली 'जनता' त्या कारखान्यातली. 'कांचन'साठी तर म्हणे वशिला लागे आणि जावई अडून बसत. श्रीनगरलाही कारखाना होता, त्यातल्या घड्याळाचं नाव 'चिनार'. २०१६ मध्ये सरकारनं कंपनीचा घड्याळांचा विभाग बंद करायचं ठरवलं, आणि आता तीच घड्याळं फुटपाथवर शौकीन मंडळी किलोमीटरभर चालून शोधतात. मला हवं ते तासाभरानं मिळालं: एक मेलेलं वेस्ट एंड, काच फुटलेली, डायल नाही, पण मशीन त्याच जातीचं. तेही कुणाच्या तरी सासऱ्यांनी दिलेलं असणार. त्याचा आस आणि हेअरस्प्रिंग आमच्यात बसली. देहदानाच्या फॉर्मवर सही करायची राहिली एवढंच.

आजीची एक पक्की समजूत होती, की घड्याळात पंधरा माणकं असतात आणि घड्याळजी ती हळूच काढून घेतात. म्हणून घड्याळ दुरुस्तीला गेलं, की ती स्वतः दुकानाबाहेर स्टूल टाकून बसे. मी शेठना हे सांगितलं. त्यांनी चिमट्यात धरून एक माणिक दाखवलं. मिठाच्या खड्याएवढं, लालसर, मध्ये भोक. आसाचं टोक त्यात फिरतं, म्हणजे झीज होत नाही. खरं माणिकच, पण भट्टीत केलेलं. व्हेर्नुई नावाच्या फ्रेंच माणसानं १९०२ मध्ये त्याची रीत जाहीर केली आणि माणकांचा भाव संपला. "सगळी विकली तरी एक कटिंग नाय येणार," शेठ म्हणाले. आजी उन्हातान्हात ज्या ऐवजाची राखण करत बसली त्याची किंमत मला त्या दिवशी कळली. मोजून पाहिली, पंधराच्या पंधरा होती.

काट्यांवरच्या रेडियमला त्यांनी हात लावला नाही, आणि मलाही खरवडू नका म्हणून बजावलं. जुन्या घड्याळांत चमकायचं ते खरं रेडियम असे. बरोबरचा रंग काही वर्षांत मरतो, अंधारात काही दिसत नाही, पण रेडियमची ताकद निम्मी व्हायला सोळाशे वर्षं लागतात. अमेरिकेत १९२० च्या आसपास ब्रशचं टोक ओठांनी निमुळतं करत असल्या डायली रंगवणाऱ्या कारखान्यातल्या कितीतरी मुली त्यानं मेल्या. काचेखाली बंद आहे तोवर बरं.

शेवटी शेठनी झाकणाच्या आत, आजोबांच्या नोंदींखाली, सुईनं आपली तारीख कोरली. १९७५ नंतर एकदम ही. मध्ये पन्नास वर्षं व्यवहार नाही. आमच्याकडे असलं खातं कधीच 'इनऑपरेटिव्ह' झालं असतं. मजुरी त्यांनी अठराशे सांगितली. मी दोन हजार दिले तर दोनशे परत केले.

घरी आणून वडिलांच्या हातावर ठेवलं. त्यांनी ते आधी पाहिलं नाही. कानाला लावलं, तसंच, जसं त्या दिवशी चिखलातून काढून लावलं होतं. बराच वेळ ऐकत होते. मी म्हणालो, "बाबा, त्या दिवशी मला खण आठवला होता. पाणी दुसऱ्या पायरीशीच होतं."

ते म्हणाले, "माहीत आहे. शेजारच्या वहिनींनी सांगितलं होतं, की तू एकदम जेवता जेवता थांबलास." मग म्हणाले, "आणि मग भात घेतलास."

वीस वर्षांची नोंद एका वाक्यात उलटली गेली. यावर काय बोलायचं हे मला सुचलं नाही, तेव्हा मी चावी कशी द्यायची ते त्यांना दाखवू लागलो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

घड्याळ चालतं, पण दिवसाला तीस सेकंद मागं पडतं. शेठ म्हणाले होते, महिन्यानं आणा, रेग्युलेटर सरकवून देतो. मी न्यायला निघालो तर वडिलांनी मनगट मागं घेतलं. "दिवसाला अर्धं मिनिट ना? मग किती दिवसांत एकोणचाळीस होतील?" मी बँकेतला माणूस, कॅल्क्युलेटर न काढता सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर."

"मग राहू दे. त्याचं ते जाईल मुंबई टाइमवर."

तेव्हापासून ते रोज सकाळी चहाआधी चावी देतात आणि काट्यांना हात लावत नाहीत. माझी बायको वैतागली आहे, कारण ते गोळ्या या घड्याळाप्रमाणे घेतात आणि आठच्या गोळीला दिवसेंदिवस उशीर होतो आहे. भिंतीवर कॅलेंडरच्या चौकोनात ते लाल पेनानं एकेक टिंब देतात. आज एकेचाळिसावा दिवस. घड्याळ साडेवीस मिनिटं मागं आहे.